फुईचं रडणं आणि जळगावची शाल

मंगल कार्यालयाच्या वासाची मला किळस आहे. आदल्या रात्रीच्या लग्नाचं खरकटं, ओल्या सतरंज्या, सांडलेल्या मठ्ठ्याचा आंबूस दर्प, त्यावर ओतलेलं फिनाईल आणि फिनाईलवर शिंपडलेलं गुलाबपाणी, हे सगळं एकदम नाकात गेलं की मी नाकाला पदर लावते. घरच्या कार्यातसुद्धा मी बाहेर मांडवात खुर्ची टाकून बसते. लोकांना वाटतं बाईंना गर्दी सोसत नाही. गर्दी मला चांगली सोसते. तो वास आला की जळगावचं ते ॲनिमेचं, म्हणजे जपानी कार्टूनांचं, संमेलन आठवतं, फुई आठवते आणि त्या हॉलमधली हसणारी तोंडं आठवतात. माझी मुलगी म्हणते, आई, तुला आताशा सगळ्याचीच किळस येते. आताशा नाही गं बाई, तेव्हापासूनच येते.

धुळ्यात देवपुरात आमची पिठाची गिरणी होती. खाली गिरणी, वर आम्ही. सकाळी भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पट्टा चढवला की घराची जमीन थरथरायला लागायची, ताटाळ्यातल्या वाट्या किणकिणायच्या आणि संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. घरातली प्रत्येक वस्तू पिठाने पांढुरकी. आई देव्हारासुद्धा दिवसातून दोनदा पुसायची. फुई, म्हणजे भाऊंची धाकटी बहीण, दिवसभर गिरणीत भाऊंच्या हाताखाली असे. डबे ओळीने लावणं, ज्वारीनंतर गहू टाकण्याआधी जातं झाडणं, कळणा दळायचा असला की उडीद-ज्वारीचं प्रमाण बघणं, हे तिचं काम. तिच्या केसांवर, भुवयांवर पीठ बसलेलं असायचं, त्यामुळे ती फार म्हातारी दिसायची. तेव्हा ती चाळिशीचीही नसेल. फुईचा नवरा ट्रक चालवायचा. तो गेल्यावर नाशिकच्या सासरी तिचं काही राहिलं नाही आणि ती माहेरी आली, एवढंच मला ठाऊक होतं. ती बोलायची इतकी हळू, की गिरणीच्या आवाजात तिचे नुसते ओठ हललेले दिसत. मोठ्याने ती एकच गोष्ट म्हणायची. कुठूनही निघताना, दुकानातून, देवळातून, अगदी शेजारणीच्या उंबऱ्यावरून सुद्धा, ‘येस बरं!’, म्हणजे ‘येते बरं!’, असं खणखणीत सांगून निघायची. एसटीतून उतरताना कंडक्टरलाही सांगायची. आम्ही तिची त्यावरून फार थट्टा करत असू.

जपानी कार्टूनं माझ्या आयुष्यात मोबाइलवरून आली आणि गिरणीच्या आवाजामुळे टिकली. काहीच ऐकू येत नसल्याने मी पडद्यावर खाली येणारं भाषांतर वाचूनच बघायची. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की फुई माझ्याशेजारी पोत्यावर येऊन बसे आणि पडद्यावरच्या बाईकडे बोट दाखवून विचारी, "काय म्हनी ऱ्हायनी ती?" मग मी तिला आमच्या खानदेशच्या बोलीत, अहिराणीत सांगायची. शाळेत अहिराणीत बोललं की बाई सगळ्या वर्गासमोर उभं करायच्या. आई घरातही ‘नीट बोल’ म्हणून दटावायची. फुईशी मात्र मला दुसऱ्या भाषेत बोलताच यायचं नाही. सांगता सांगता मी पात्रांचे आवाज काढू लागले, मग ते मोबाइलवर भरू लागले, मग चित्रांवर चढवू लागले. गमतीचे दोनचार तुकडे इंटरनेटवर टाकले. एका राक्षसाला मी भाजीबाजारात वांग्याच्या भावावरून भांडायला लावलं होतं. लोक हसले, आणि त्या हसण्याचा मला आनंदच झाला, कारण ते हसण्यासाठीच केलेलं होतं.

फुईला घेऊन गेले त्याच्या आदल्या वर्षी मी जळगावचं संमेलन नुसतं बघायला गेले होते. घामटलेल्या पोरांची ती जत्रा मला तेव्हाही ओंगळ वाटली होती, पण चित्रातले डोळे काढायला शिकवणारं एक पॅनेल, म्हणजे स्टेजवरचा तास, झालं, त्यात मी हरखून गेले. एक मुलगी फळ्यावर खडूने डोळा काढत होती आणि बुब्बुळातला पांढरा ठिपका कुठे ठेवला की पात्र खोटं बोलतंय असं वाटतं, ते दाखवत होती. सगळा हॉल श्वास रोखून बघत होता. मला वाटलं, ही पोरं बघू शकतात, म्हणजे ऐकूही शकतील. पुढच्या वर्षी तेजसचा फोन आला. तेजस तिथला आयोजक, कॉलेजात शिकणारा, पुढाऱ्यांकडे हक्काने जाऊन देणग्या आणणारा. "तुझे अहिराणी व्हिडिओ भारी आहेत. एक पॅनेल घे ना." मी भाऊंना सांगितलं, तर ते जात्याच्या दगडाला टाकी लावायचे थांबले. "पॅनल? सोसायटीनं का मार्केट कमिटीनं?" निवडणुकीखेरीज पॅनेल असतं हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

मी ठरवलं होतं की या वेळी हसवायचं नाही. माझ्या आवडत्या मालिकेत एक प्रसंग होता. कोळ्यांच्या गावातली एक आई, तिच्या मुलाची होडी परत येत नाही. ती उंबऱ्यावर बसते, समोर भाताचा वाडगा, एक शब्द बोलत नाही, गालावरून एकच थेंब ओघळतो. तो प्रसंग मला अहिराणीत करायचा होता. ज्या भाषेसाठी मी वर्गात उभी राहिले, त्या भाषेत एक माणूस दुःख करतो आणि भरलेला हॉल ते न हसता ऐकतो, एवढंच मला बघायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आवाज फुईचा हवा होता. गिरणी बंद असायची त्या वारी आम्ही धान्याच्या कोठीत बसलो. चारी बाजूंनी पोती रचलेली, त्यामुळे तिथे आवाज घुमत नसे. वरून गोधडी घेतली. फुईने तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

"आशी मुकी काबर बठेल शे हाई बाई? पोऱ्या मरी गया ना तिना?"

"त्यासमा आसंच रडतस, फुई."

"मंग तठे कोनी बायका नहीत का? तिना गया लागीसन तिले रडाले लावतीन आश्या? तोंड मोकयं करं नही ते मानूस आतमधलं आतमा सडी जास."

तिच्या गळ्यात पडून तिला रडायला लावणाऱ्या बायका फुईला त्या चित्रात हव्या होत्या. मी म्हटलं, तू म्हणशील तसं. फुईने पदर पुढे ओढून तोंड झाकलं आणि गोधडीखालच्या त्या अंधारात तिने हेल काढला. आमच्याकडे बायका नुसत्या रडत नाहीत. रडता रडता गेलेल्याशी बोलतात, त्याला जाब विचारतात, त्याच्या सवयी सांगतात, आणि प्रत्येक वाक्य लांब सुरात ओढून शेवटी खाली सोडतात. मी ते लहानपणी गावी लांबून ऐकलं होतं. हाताएवढ्या अंतरावरून कधी नाही. ‘मना राजा वं, ताट वाढेल शे, तू कथा ऱ्हायना वं... तुनी वाट दखी दखी मना डोया गयात वं... गाडी उनी दारसे, तू नही उना वं...’ ती थांबली तेव्हा मी हळूच म्हटलं, "फुई, गाडी नही वं, होडी." ती पदराने नाक पुसत म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी राहू दिलं. मूळ प्रसंग फार छोटा होता, म्हणून समुद्राच्या लाटा आणि वाडग्यातून निघणारी वाफ मी पुन्हा पुन्हा फिरवली, तिचं सगळं रडणं त्यात मावेपर्यंत.

संमेलनाच्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या एसटीने निघालो. फुईने जांभळी सुती साडी नेसली होती, फडक्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि बिबड्याचे पापड बांधून घेतले होते. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, ती खिडकीतून कपाशीची मोकळी रानं बघत राहिली. जळगावला उतरताना ‘येस बरं’ म्हणून कंडक्टरला हसवलं. कार्यालयाच्या फाटकावर भलंमोठं फ्लेक्स होतं. वर हात जोडलेले नाना, म्हणजे संमेलनाला पैसे देणारे स्थानिक पुढारी, त्यांच्याभोवती त्यांची माणसं, आणि तळाला अंगठ्याएवढी, ज्यांच्यासाठी हे सगळं होतं ती मोठ्या डोळ्यांची पात्रं. आत सगळीकडे आदल्या रात्रीचं लग्न. खुर्च्यांखाली अक्षता, कोपऱ्यात चुरगळलेली पत्रावळ. उन्हाळा असा की आवडत्या पात्रांचा वेश करून फोमची चिलखतं घातलेल्या पोरांच्या अंगावरचा गोंद सुटत होता, आणि त्या गोंदाचा, घामाचा, भाड्याच्या विगांचा एक जाड वास हॉलभर साचला होता. जिन्याखाली काही टोळभैरव उभे होते. छोटे झगे घातलेल्या मुली जिना चढू लागल्या की ते मोबाइल पुढे करत आणि कोणी हटकलं की खिदळत पांगत. पोटावर शर्टाची बटणं ताणलेला एक काका शाळकरी पोरींना ‘इकडे बघ ना बेटा’ म्हणत फोटो काढत होता. एक पोरगा नरकाचा राजा होऊन आला होता, त्याने मुखवटा वर केला आणि कोपऱ्यात गुटख्याची पिंक टाकली, थोडी त्या मुखवट्यावरच उडाली. त्याने ती बाहीने पुसली आणि मुखवटा परत तोंडावर ओढला. हे लिहितानाही मला उठून पाणी प्यावंसं वाटतं.

मग दीपप्रज्वलन, आणि मग सत्कार. नानांचा, नानांच्या सोबत आलेल्यांचा, त्यांना घेऊन आलेल्यांचा. शाल, श्रीफळ, टोपी, फोटो. सकाळची पॅनेलं त्यातच गेली. डोळे काढणाऱ्या मुलीला फळा मिळाला आणि तिने खडू हातात घेतला, तोच तिला खाली उतरवलं, कारण आणखी एक पाहुणे पोचले होते. ती खडू हातात धरूनच खुर्चीवर बसली. तलवारींवरच्या पॅनेलात एका माणसाने स्वतःच्याच ओळखीपाळखी सांगितल्या. जेवणाला लालभडक तर्री तरंगणारी शेवभाजी होती. खाऊन झालेल्या द्रोणांवरून लोक बिनदिक्कत चालत होते. फुईने फडकं सोडून आमची भाकरी काढली आणि आम्ही पायरीवर बसून खाल्ली.

माझं पॅनेल जेवणानंतर होतं. पडद्यावर नाव आलं, ‘अहिराणी तडका: पोट धरून हसा!’ आणि भोवती जीभ बाहेर काढलेले पिवळे चेहरे. मी तेजसला गाठलं. काळा झगा घालून तोच सूत्रसंचालन करत होता.

"हे काय लिहिलंय? हसायचं नाहीये. ती आई रडते त्यात."

"अगं, अहिराणी आहे ना? मग होतंच आपोआप," तो अगदी प्रेमाने म्हणाला.

त्याचा राग मला आला असता तर बरं झालं असतं. पण त्याचा स्वर प्रेमळ होता, आणि मला शिसारी आली. तो माझ्याआधीच माईकवर गेला आणि ‘आता तुमच्या पोटाचं काही खरं नाही’ असं म्हणाला. मी प्रसंग समजावून सांगितला. माझी तीनचार वाक्यं झाली नाहीत तोच मागून कोणी ‘काय शे वं!’ ओरडलं आणि हशा झाला. मी खूण केली, दिवे गेले. लाटा दिसल्या. उंबऱ्यावर बसलेली ती बाई दिसली. आणि फुईच्या आवाजातला पहिला हेल हॉलमध्ये उठला.

हॉल हशाने फुटला. अक्षरशः फुटला. पोरं एकमेकांच्या मांड्यांवर थापा मारत होती, मुलींनी तोंडावर हात धरले होते, कोणी तोच हेल काढून दाखवत होतं, नाना पुढच्या सोफ्यावर पोट हलवत होते. हसताना उघडलेली ती सगळी तोंडं मला पडद्याच्या उजेडात दिसत होती, शेवभाजीने लाल झालेले दात दिसत होते. मी पुढच्या रांगेत बसलेल्या फुईकडे बघितलं. ती ताठ बसून पडद्याकडे बघत होती, जशी गिरणीत सुपलीकडे बघते तशी.

तेवढ्यात स्वयंपाकघराकडचं दार उघडलं. भांडी घासणाऱ्या बायका होत्या. हात राखेने भरलेले, पदर डोक्यावरून पुढे ओढलेले, आणि त्या दारातूनच रडत आल्या. खेड्यात हेच करतात. कोणाच्या दारात हेल ऐकू आला की आधी कोण गेलं ते विचारायचं नसतं, आधी जाऊन त्या बाईच्या गळ्यात पडायचं असतं. या बायकांनी भिंतीपलीकडून हेल ऐकला आणि भांडी टाकून धावल्या. हॉलला वाटलं हेही पॅनेलातलंच आहे. टाळ्या पडल्या. बायका भांबावल्या, पण त्यातली एक वयस्क बाई थांबली नाही. तिने अंधारात इकडेतिकडे पाहिलं, पांढऱ्या कपाळाची फुई तिला दिसली, आणि ती सरळ तिच्यापाशी जाऊन खाली बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कोन गये वं माय?"

तेजसने दिवे लावायला सांगितले आणि मजा हातची जाऊ नये म्हणून माईक त्या दोघींच्या मध्ये धरला.

"मना मानूस गया," फुई म्हणाली.

"कधय?"

"कितला वरीस व्हयनात."

हशा. त्या बाईने त्याकडे लक्षच दिलं नाही. "मंग आते रडी ऱ्हायनी तू?"

"तव्हय रडू दिनं नही वं माय. कॉलनी व्हती ना. सासरा बोलना, आठे खेडानामायक गया काढानं नही. गाडी दारसे उनी, दुसरा डायव्हर लई उना, अन् मी तोंडमा पदर कोंबीसन बठेल व्हतू."

माईकमधून ते शब्द सगळ्या हॉलभर गेले. मला ‘गाडी’ तेव्हा कळली: दुसऱ्या ड्रायव्हरने तिच्या नवऱ्याचा ट्रक दारात आणला होता, आणि कॉलनीत हेल काढायचा नाही म्हणून सासऱ्यांनी तिला रडू दिलं नव्हतं. काही लोक गप्प झाले, काही अजून हसतच होते, कारण त्यांना शब्द कळत नव्हते आणि सूर त्यांना हसायचाच वाटत होता. तेजस मात्र गडबडला नाही. इतक्या वर्षांत मी पुष्कळ नीच माणसं पाहिली, पण त्याच्यासारखा तरबेज कोणी पाहिला नाही. त्याने माईक परत आपल्या तोंडाशी नेला आणि म्हणाला, "क्या बात है! एक जोरदार टाळी झाली पाहिजे!" आणि टाळ्या झाल्या. हसण्यापेक्षा मला त्या टाळ्यांची जास्त घाण वाटली. हसणाऱ्यांना निदान कळलं नव्हतं.

पुढे जे झालं ते इतकं झटपट झालं की मी अडवू शकले नाही. नाना उठले, कोणीतरी ताटात शाल-श्रीफळ आणलं, ‘आजच्या सर्वात विनोदी कलाकार’ असं तेजसने पुकारलं आणि नानांनी फुईच्या खांद्यांवर शाल टाकली. मी पुढे झाले, ती ओढून काढायला. पण फुईने मला हातानेच थांबवलं. आमच्यात माणूस गेलं की त्याच्या बायकोला तिच्या माहेरचे दुखवटा नेतात. नवं लुगडं तिच्या खांद्यांवर घालतात, त्यानंतर ती उंबऱ्याबाहेर पडायला मोकळी होते. फुईच्या वेळी भाऊ नाशिकला लुगडं घेऊन गेले होते आणि सासऱ्यांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं, ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ म्हणून. ते लुगडं आमच्या पेटीत तसंच घडी घातलेलं होतं, हे मला नंतर आईने सांगितलं. त्या घटकेला मी एवढंच पाहिलं की फुईने ती झगझगीत, स्वस्त, सोनेरी काठाची शाल सत्काराला घेतात तशी घेतली नाही. तिने हात जोडले नाहीत, हसली नाही, कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. पदरावरून शाल दोन्ही हातांनी नीट घट्ट ओढून घेतली आणि मान खाली घालून बसली. भांडी घासणारी बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. नारळ फुईने घेतलाच नाही, तो नानांच्या हातात तसाच राहिला, आणि फोटोत नाना एकटेच नारळ धरून हसताना आले.

त्यानंतर मी कुठल्या संमेलनाला गेले नाही. तो तुकडा मी इंटरनेटवर टाकला नाही आणि कोणाला ऐकवलाही नाही. तेजसने आपल्या मोबाइलवर टिपलेला हशा मात्र पुष्कळ दिवस फिरत होता. अधूनमधून कोणी मला सांगतं की लोक साधे होते, तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. मला ते साधे वाटत नाहीत. त्या हॉलमधली निम्मी पोरं घरी आजीशी अहिराणीतच बोलत असतील, आणि आजी गेल्यावर त्यांच्या आयाही असाच हेल काढणार आहेत.

निघताना फुई आधी स्वयंपाकघरामागच्या नळावर गेली. त्या बायकांनी तिच्या हातापायांवर पाणी घातलं, तिने तोंड धुतलं, चूळ भरली. मग शाल खांद्यांवर तशीच ठेवून ती हॉलच्या मधून दाराकडे चालू लागली, मी तिच्या मागे. आत पुढचं पॅनेल सुरू होत होतं. तेजसने आम्हाला पाहिलं आणि स्टेजवरूनच ओरडला, "फुई, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं हं! येते म्हणा!"

कंडक्टरलाही सांगून उतरणाऱ्या माझ्या फुईने मागे वळून पाहिलं नाही, तोंडातून शब्द काढला नाही, आणि फाटकाबाहेर पडली. मीही तिच्यामागे बाहेर पडले. माणूस गेलेल्या घरातून निघताना ‘येते’ म्हणत नाहीत.